सातव्याचं नाव

देविका मॅडमचं मोजणं क्लासच्या पोरींना पाठ झालंय, अर्थ मात्र एकीलाही लागलेला नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात आला की मॅडमचे ओठ हलायला लागतात. लाभ, ठक, हिर्र, चुर्र, भुर्र, चूप. सातव्या कागदाला ओठ मिटतात, श्वास थांबतो, कागद मुकाट्यानं पुढे सरकतो आणि मग येतं, घर. पुढे घर लाभ, घर ठक, असं चालू. दोनशे कागदांत एकाची चूक होत नाही.

उदगीरहून, जळकोटहून आलेली नवी पोरगी पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, हे काय? जुन्या सांगतात, "जप आहे तो. त्यानं रिझल्ट लागतो." लातुरात रिझल्टसाठी लोक काय खरं मानतील याचा नेम नाही. दोघी-तिघींनी तो जप वहीच्या पहिल्या पानावर लिहूनसुद्धा घेतला होता, तोही चुकीचा! मॅडमनी वही पाहिली. फक्त चूक दुरुस्त केली.

जप कसला आलाय. ते एक कुटुंब आहे.

औसा तालुक्यातलं एक गाव होतं. 'होतं' म्हणालो, यावरून काय ते समजा. तिथं देविकाच्या घरी सात माणसं. आजा रास मोजायचा. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. लक्ष्मीला एकटीला बोलवू नये, असं त्याचं म्हणणं. आजीला दात नव्हते, ती दिवसभर खलात पान कुटायची, ठक ठक. बा बैलांना हाकताना हिर्र करायचा. मायची फोडणी चुर्र वाजायची. थोरला भाऊ सिद्धराम तेरा वर्षांचा घोडा झाला तरी तोंडानं भुर्र करत सायकलचं टायर पळवायचा. आणि देविकाला, तिचं तोंड सकाळपासून चालू असायचं म्हणून, घरातला जो तो एकच शब्द ऐकवायचा: चूप.

सातवा आला तो एकवीस सप्टेंबर त्र्याण्णवला. सगळ्यांच्या मागून, उशिरानं झालेलं, सगळ्यांचं लाडकं पोरगं.

बारशाचा मान आत्याचा. आत्या म्हणजे केवळाबाई, मुखेडला दिलेली, अनंतराव गुरुजींची बायको. नाव ठेवावं तर केवळाबाईनंच, असा तिचा लौकिक होता. गावात सगळ्या पोरी सखू नि चंपा असताना तिनं भाचीचं नाव देविका ठेवलं. गुरुजींच्या पुस्तकांतून आठ दिवस धुंडून काढलं होतं म्हणे. आणि एक कायदा होता तिचा. नाव आधी लेकराच्या कानात जायचं, मग चारचौघांत. त्याआधी नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.

बाळ बघायला आली तशी परत जाताना ती देविकाला सोबत घेऊन गेली. बाळंतिणीच्या घरात या टकळीचा तेवढाच त्रास कमी. शनिवारी बाराव्या दिवशी सगळेच बारशाला यायचे होते. एसटीत मुखेडपर्यंत देविकानं आत्याचं डोकं खाल्लं.

"सांग की गं. मी कुनालाच न्हाई सांगणार."

"न्हाई."

"पयलं अक्षर तर सांग."

"चूप बस. शनवारी कळंल."

शनिवार उजाडलाच नाही. म्हणजे उजाडला, पण गुरुवारी पहाटे गावाचा ढिगारा झाला होता. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमून झोपले होते, ते तसेच राहिले. गुरुजी मिळेल त्या गाडीनं गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. अंगावर तेच धोतर, मातीचं झालेलं. ओट्यावर बसले, पाणी मागितलं नाही. केवळाबाईनं फक्त त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. देविकाला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, दहा वर्षांची होती ती.

मग यादीची गोष्ट झाली, आणि या सगळ्यात माणसाला चीड यावी अशी तीच एक गोष्ट. भूकंपावर कुणी चिडावं?

शाळेच्या पटांगणात टेबल टाकून एक कारकून गेलेल्यांची नावं लिहून घेत होता. नाव, वय, नातं. गुरुजींनी पाच नावं सांगितली. सहाव्याला म्हणाले, "मुलगा, नऊ दिवसांचा."

"नाव?"

"ठेवलं नव्हतं अजून."

"गुरुजी, नाव नाही तर मी लिहू काय?"

गुरुजींना खोटं सांगता येत नव्हतं. बंड्या म्हणाले असते, बाळू म्हणाले असते, कोण बघायला येणार होतं! पण जन्मभर हजेरीपट प्रामाणिकपणे भरलेला माणूस. कारकुनानं त्या जागी आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, आठ दिवसांत सांगा, घालतो.

गुरुजी घरी येऊन बायकोला म्हणाले, "केवळा, काय ठरवलं होतंस? सांग. यादीत लागू दे."

"कानात गेल्याबिगर नाव तोंडातून काढू नये."

"आता कुणाच्या कानात?"

"म्हणूनच म्हणते, काढू नये. मातीत बारसं करायला सांगायलाव का मला?"

आठ दिवस गुरुजींनी विनवलं, रागावले, एकदा तर तिच्यापुढे हात जोडले. केवळाबाईनं तोंड उघडलं नाही. मुदत टळली. यादीची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, आणि कुठल्याशा नकलेत ती आडवी रेघही गळाली. पुढे नव्या जागी गाव वसलं, तिथं दगडावर नावं कोरली. आजा, आजी, बा, माय, सिद्धराम. पाच. नऊ दिवस जगलेलं लेकरू कुठंच मोजलं गेलं नाही. आत्याला नाव पवित्र वाटलं, गुरुजींना, म्हणजे देविकाच्या मामाला, खरं पवित्र वाटलं, आणि दोघांच्या सोवळ्यात पोरगं जगात आलंच नाही असं झालं.

इकडे देविकानं मराठी बोलणं सोडलं होतं.

अगदी मुकी झाली म्हणावं तर तसंही नाही. ती बोलायची, पण दुसरंच काहीतरी. भाकरीला 'थाप', पाण्याला 'झिर'. शेजारणी म्हणाल्या, पोरीला लागीर झालंय, अंगारा लावा. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, ओसरेल. गुरुजी मात्र रोज तिच्याजवळ बसून ऐकायचे. पंधरा दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं की शब्द बदलत नाहीत. काल भाकरी थाप, आजही थाप. म्हणजे ही बडबड नव्हती, भाषा होती.

हळूहळू कळलं. जमिनीखाली एक मुलूख आहे, तिथं ही भाषा चालते. तिथं भिंती कापडाच्या, म्हणून पडल्या तरी लागत नाही. त्या भाषेत 'उद्या'ला शब्द नाही. 'गेला' याला शब्द नाही. पण 'किती' याला मात्र चार शब्द आहेत, कारण त्या मुलखातली माणसं सारखी एकमेकांना मोजत असतात, सगळे आहेत ना म्हणून.

एके दिवशी गुरुजींनी पाटी पुढे सरकवली. सहा अधिक पाच.

तिनं आपल्या खुणा काढल्या आणि म्हणाली, "घर चुर्र."

गुरुजींनी सहा सक छत्तीस विचारलं. "भुर्र घर लाभ." आणखी विचारत गेले, ती सांगत गेली. त्यांनी कागद घेऊन मांडलं तेव्हा उलगडलं. आपण दहाचा गठ्ठा बांधतो, पोरगी सातचा बांधत होती. सात माणसं भरली की एक घर. सात घरांची आळी. सात आळ्यांचं गाव. एकही हिशेब चुकलेला नव्हता. आणि प्रत्येक आकडा म्हणजे घरातल्या एकेकाचा आवाज, वयाच्या क्रमानं. लाभ म्हणजे आजा. सहावी चूप, ती स्वतः.

"आणि ही झोळी कसली गं?" त्यांनी विचारलं. सात लिहिताना ती एक उभी रेघ काढायची आणि तिच्याशेजारी लहानशी झोळी.

भूकंपानंतर ती पहिल्यांदा मराठीत बोलली ते हे: "त्यो बसलाय तिथं. बारका."

"मग तो म्हणताना तू थांबतेस का?"

"त्याला नाव न्हाई ना मामा. नुसतं रडणं ऐकलंय मी त्याचं. रडणं म्हंजी नाव व्हय का?" मग म्हणाली, "त्याला काढलं तर घर लिहिताच येईना. एकट्या आज्ज्याची रेघ ऱ्हाती नुसती."

ती झोळी म्हणजे दहातलं शून्य; गुरुजींनी तीस वर्षं पोरांना ते शिकवलं होतं. फळ्यावर काढायचं आणि पुसायचं. त्या दिवशी ते परसात जाऊन रडले. मग आत येऊन तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मलाही शिकव."

पुढची अठरा वर्षं, गुरुजी जाईपर्यंत, मामा-भाची एकमेकांशी त्याच आकड्यांत बोलायची. बाजारातून अर्धापूरची केळी आणली की दोघं मोजायची, आणि सातव्या केळ्याला दोघंही गप्प. केवळाबाई चुलीपुढे पाठ करून बसायची. गप्प होण्याची ती वेळ तिला कळायची. पाठ हलायची नाही तिची, पण हातातलं काम थांबायचं.

वर्षातून एकदा, बारशाच्या तारखेला, देविका विचारायची. "आत्या, काय ठरवलं व्हतंस?" आणि आत्या उठून जायची.

देविका शिकली, लातूरला आली, गणितात पहिली आली, क्लासमध्ये शिकवायला लागली. तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत होस्टेल, चौकाचौकात पोराबाळांचे फोटो आणि मार्क. देविकाला ते फ्लेक्स वाचायची सवय लागली. मार्क नाही, नावं वाचायची. दरसाल पाच-सहाशे नावं. सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येक पोराच्या नावाशी ती क्षणभर थांबायची, हे असेल का? पुढे तिच्या हिशेबानं भाऊ वीस वर्षांचा झाला, तीसचा झाला, तरी ती नावं बघायचं थांबली नाही. लग्न केलं नाही तिनं. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

गुरुजी गेल्यावर आत्याला तिनं आपल्याकडे आणलं. दोन वर्षांपूर्वी आत्याचा मुलगा सर्वेश आपल्या मुलीला, इराला, घेऊन आला. डॉक्टर करायचंय म्हणाला. देविका तिच्या नात्यानं आत्याच. असं घरात तीन बायकांचं बिऱ्हाड झालं.

इराची गंमत वेगळी. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर तिचा एक देश चालू होता, त्याचं नाव मिरुवा. तिथल्या माणसांना आठ बोटं, अंगठे नाहीतच. त्यांची लिपी, त्यांचे शिवीगाळीचे शब्दसुद्धा तयार होते. देविकानं एकदा वही तपासायला घेतली आणि इराचा चेहरा पांढरा पडला.

"आत्या, पप्पांना सांगू नको. मी अभ्यास करूनच करते हे."

देविका पानं उलटत राहिली. "मोजतात कसे हे?"

"आठांवर. पण पुढं अडलंय माझं. आठच्या पुढं नवा शब्द, नऊला नवा शब्द... किती शब्द करू?"

"आठ झाले की गठ्ठा बांध," देविका म्हणाली. "आणि गठ्ठा भरल्यावर मोकळी राहिलेली जागा दाखवायला कुणीतरी ठेव. त्याशिवाय जमणार नाही."

"तुला कसं माहीत?"

त्या दुपारी देविकानं आयुष्यात दुसऱ्यांदा कुणालातरी ते आकडे शिकवले. इरानं वहीत तक्ता आखला. लाभ, आजोबा. ठक, आजी. सहा ओळी भरल्या. सातव्या ओळीत झोळी काढली आणि पेन वर धरलं. "याचं नाव?"

"तुझ्या आजीला माहीत आहे. ती सांगत नाही."

"अगं मग तूच एखादं ठेव की!"

"मी कोण ठेवणार? त्याचं ठरलेलं होतं, इरा. कुणीतरी विचार करून, हौसेनं ठरवलं होतं. मला तेच पाहिजे. दुसरं ठेवलं तर तो दुसराच कुणीतरी होईल."

आणि वेळ उरला नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. केवळाबाईचं डोकं वर्षभरापासून गळायला लागलं होतं. आधी गॅस बंद करायचा विसरली, मग सर्वेशचं नाव, मग गुरुजी गेलेत हे. डॉक्टर म्हणाले होते, जुनं शेवटी जातं. देविका त्या एका वाक्यावर तग धरून होती. ती रोज सकाळी आत्याच्या तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, अजून आहे. आत कुठंतरी आहे.

एका रविवारी, साडेदहाच्या सुमाराला, आत्या नवं लुगडं नेसून पलंगावर येऊन बसली. हातात पिशवी.

"देविका, आवरलीस का? एसटी चुकंल. बारसं हाय न्हवं आज."

देविका भाजी चिरत होती. विळी तशीच बाजूला केली तिनं. इरानं पुस्तकातून मान वर काढली.

"कुणाचं बारसं, आत्या?"

"ये, येड लागलं का? भुजंगाच्या बारक्याचं." भुजंग म्हणजे देविकाचा बाप. एकतीस वर्षांत आत्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता तो.

ती पलंगाशी खाली बसली. "नाव ठरवलंस?"

"ठरवलं की. कवाच." आत्या अशी हसली, की ते हसू देविकानं लहानपणी एसटीत पाहिलं होतं, त्यानंतर नाही. "पर सांगणार न्हाई. आधी त्याच्या कानात."

इरा जवळ आली. म्हणाली, "आजी, आपण इथंच करू बारसं. एसटी नाही आज."

"इथं? पोरगं कुठाय?"

मग देविका पुढे सरकली, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, पदर बाजूला करून कान वर केला. एक्केचाळीस वर्षांची, केस पिकायला लागलेली बाई. "माझ्या कानात सांग आत्या. मी बहीण हाय ना त्याची. मी त्याला सांगते."

आत्यानं विचार केला. "चालतंय," म्हणाली. "बहिणीचा कान चालतंय."

तिनं देविकाच्या पाठीवर हात ठेवला, बारशाला लेकराला धरतात तसा. वाकली. तोंडाचा वास, पानाचा, देविकाच्या गालावर आला. "कुर्र," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्यांदा, "कुर्र." मग अगदी हळू, अगदी स्पष्ट, तिनं नाव सांगितलं.

"देविका."

देविका हलली नाही. याच बाईनं याच कानात एक्केचाळीस वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. आत्याच्या हातांना बारसं आठवत होतं, जिभेला तो कान आठवत होता. दुसरं नाव तिथं नव्हतंच. गेलं होतं. आज गेलं की वर्षापूर्वी, कोण सांगणार? इतकी वर्षं देविका ज्याची वाट बघत होती ते असं, तिला न कळता, संपून गेलं होतं.

आत्यानं मात्र मोठा श्वास सोडला. "झालं बाई. ठेवलं एकदाचं. लई वझं व्हतं गं मला त्याचं. लई वझं."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चेहरा इतका मोकळा, की ती पन्नाशीची दिसायला लागली. देविकानं मान वर केली. ते तोंड पाहिल्यावर, तू चुकलीस असं कोण म्हणेल? ज्या रागाला तिनं एकतीस वर्षं सांभाळलं होतं, तो त्या तोंडापुढे तिला धरताच येईना.

इराला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती तक्त्याची वही मांडीवर घेऊन बसली होती. बारशाला कानात सांगून झालं की बाया विचारतात, तसं तिनं विचारलं, "काय ठेवलं नाव?"

खोलीत तिघीच होत्या, पण चारचौघांत विचारल्यासारखं ते देविकाला झालं. आत्याही तिच्याकडे बघत होती. उत्तर द्यायचं होतं, आणि ते देणारी आता ती एकटीच होती.

सिद्धरामाचा धाकटा भाऊ. त्या घरात शोभेल असं नाव.

"मन्मथ," देविका म्हणाली.

इराचं पेन कागदावर चाललं.

आत्यानं नाव ओठांवर दोनदा घोळवलं. मग मान हलवली. "हाव. मन्मथच. मी म्हणलं व्हतं न्हवं, चांगलं नाव शोधलंय म्हणून."

तिला खरंच आठवलं, की ऐकलेलं आवडलं, हे देविकाला या जन्मी कळायचं नाही.

"आण की मग त्याला भाईर," आत्या म्हणाली. "पाळण्यात घालू."

इरानं खाली मान घातली. देविकानं आत्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"झोपलाय आत्या."

"झोपू दे. लहान हाय." आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उठला की नावानं हाक मार त्याला. उगं बारका बारका करू नकोस. आता नाव हाय त्याला."

"हाव," देविका म्हणाली, आणि आत्याच्या मांडीत तोंड घालून, तिथं कुणीही चूप म्हणायला नसताना, मोठ्यानं रडली.